अकरा वर्षं चाललेला बोलीचा कोश: छापावा, थांबवावा की वाढू द्यावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय हे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात. अकरा वर्षांपूर्वी वऱ्हाडीतले शेतीचे शब्द गोळा करायला घेतलेत आणि आज सात हजारांवर नोंदी झाल्या आहेत. वाटेत स्वयंपाकघर आलं, लग्नातली गाणी आली, म्हणी आल्या. पहिली काही अक्षरं तुम्ही पुन्हापुन्हा तपासून लिहिलीत. घरचे म्हणतात आता छापा, एक मित्र म्हणतो अर्धवट छापलंत तर हसं होईल. तुम्ही विचारता, असं काम पूर्ण झालं हे कधी म्हणायचं? आणि मधूनमधून मन उडतं, तेव्हा काय करायचं?

मी कोशांच्या संपादनात आयुष्य काढलं आहे आणि बोलींच्या कोशांची बरीच हस्तलिखितं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्यात चिकाटीची कमतरता मुळीच नाही. नोकरी सांभाळून अकरा वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून शब्द टिपणाऱ्याला चिकाटी कुणी शिकवायची? तुमच्या कामाला धुरा, म्हणजे शेताची हद्द दाखवणारा बांध, नाही, ही खरी अडचण आहे. धुरा नसलेल्या वावरात वखर कितीही फिरवला तरी पाळी संपत नाही. शेतीच्या शब्दांपासून तुम्ही गाण्यांपर्यंत गेलात, कारण पलीकडे जाऊ नका असं सांगणारं काही वाटेत नव्हतंच.

माझं उत्तर असं: शेतीचा भाग वेगळा काढा, त्याची हद्द कागदावर लिहा, तो विषयवार पूर्ण करा आणि छापा. बाकीचं टाकून देऊ नका, पण सध्या त्याला हात लावू नका. आता कारणं सांगतो.

त्याआधी एक मान्य करायला हवं. यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला तुमच्या प्रश्नातून पुरती दिसत नाही. निवृत्तीला किती वर्षं आहेत, मदतीला कुणी आहे का, शब्द सांगणाऱ्यांपैकी किती जण हयात आहेत, यावर क्रम बदलेल. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे गाव आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय तुम्ही लिहिलं आहे का? असेल, तर अवघड अर्धं काम झालेलं आहे. नसेल, तर जिथे आठवतंय तिथे या महिन्यातच लिहून टाका. ही आठवण वर्षागणिक पुसट होत जाते आणि नंतर ती कुठल्याही पुस्तकातून मिळत नाही.

आता अशी कामं का लांबतात ते पाहू. लोकांना वाटतं काम मोठं असतं म्हणून. माझ्या पाहण्यात मुख्य कारण वेगळं आहे. काम करणारा माणूस त्या वर्षांत शहाणा होत जातो आणि त्याचं माप बदलतं. पहिल्या वर्षी तुम्ही लिहिलं असेल, ‘तिफन : पेरणीचे अवजार.’ आज तुम्हाला तेवढ्याने समाधान होणार नाही. तीन फणांची, बैलांनी ओढायची, चाड्यात टाकलेलं बी नळ्यांवाटे तासात पाडणारी, असं तुम्ही आज लिहाल. तिच्या भागांची नावं द्याल, कुठल्या गावात कुठलं नाव ते द्याल. मग ‘त’ची नोंद चांगली आणि ‘अ’ची पोकळ दिसायला लागते, म्हणून तुम्ही मागे फिरता. मागची अक्षरं दुरुस्त होईपर्यंत आणखी दोन गोष्टी शिकलेल्या असतात, की पुन्हा मागे. कोशकामात सर्वांत जास्त वर्षं या फेऱ्यांत जातात.

यावर मला ठाऊक असलेला एकच उपाय आहे. आधी नमुना करायचा, त्यावरून नियम ठरवायचे आणि मग ते नियम शेवटपर्यंत बदलायचे नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, करायचं १९१९ साली हाती घेतलं, तेव्हा हेच केलं. १९२३ साली तिथल्या ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढली. पद्धत कुठे अडते हे तिच्यामुळे विद्वानांसमोर आलं. १९२५मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांचं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं, तेव्हा पोथ्यांची कुळं कशी लावायची, कुठला पाठ का घ्यायचा, हे सगळं त्यांनी प्रस्तावनेत लिहून ठेवलं. सुखटणकर १९४३ साली गेले. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ साली, दुसऱ्या संपादकांच्या हातून. प्रमुख माणूस गेल्यावर तेवीस वर्षं काम उभं राहिलं, ते त्या लिहिलेल्या पद्धतीच्या आधारावर. मराठी विश्वकोशातही पहिला खंड १९७६ साली आला, पण त्याआधी १९७३ साली परिभाषासंग्रह निघाला होता. कुठल्या संज्ञेला काय म्हणायचं हे आधी ठरवून घेतलं होतं.

तुमची नियमावली दोन पानांची पुरे. तिच्यात एवढं असू द्या. शब्द कुठल्या तालुक्यांतला घेणार. उच्चार कसा लिहिणार, कारण वऱ्हाडीत एकच शब्द दोन गावांत दोन तऱ्हेने कानावर पडतो आणि तुम्ही एकदा एक, एकदा दुसरा लिहिलात तर कुणाला तो सापडायचा नाही. लिंग आणि अनेकवचन देणार का. प्रमाण मराठीत त्याच अर्थाने चालणारा शब्द घेणार की सोडणार. माझं मत विचाराल तर अर्थात किंवा वापरात फरक असेल तरच घ्या, नाहीतर ‘बैल’ आणि ‘पाणी’सुद्धा आत येतात आणि पानं फुगतात. प्रत्येक नोंदीला एक तरी बोललेलं वाक्य हवं की नको. आणि शेवटचं, किती जणांनी सांगितल्यावर शब्द पक्का धरायचा. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता सांगितला तर पक्का, असं मी धरत आलो आहे. एकानेच सांगितलेला फेकायचा नाही, त्यापुढे खूण करायची.

ही दोन पानं झाली की पुढे सुचलेली प्रत्येक सुधारणा वेगळ्या वहीत जाईल. ती वही दुसऱ्या आवृत्तीसाठी. यात कमीपणा वाटून घेऊ नका. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, आणि राहिलेलं, नंतर सापडलेलं १९५० साली पुरवणी विभागात आलं. पुरवणीतले शब्द सापडेपर्यंत ते थांबले असते, तर मराठी वाचकाला बारा वर्षं कोशच मिळाला नसता.

काम वाढू द्यायचंच नाही का, असंही कुणी विचारेल. तसा माझा आग्रह नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास हे वाढलेल्या कामाचंच उदाहरण आहे. व्यवहारमयूख या ग्रंथाच्या आवृत्तीसाठी धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रास्ताविक लिहावं, असा मूळ विचार होता. त्या प्रास्ताविकाच्या विचारातून पाच खंड उभे राहिले. पहिला १९३० साली, मग १९४१, १९४६, १९५३ आणि शेवटच्या खंडाचं काम १९६२ साली संपलं. काणे मुंबईत वकिली करत होते आणि हे सगळं एका माणसाने केलं. पण ती सालं पुन्हा पाहा. विषय वाढत होता, तरी दर काही वर्षांनी एक खंड बाहेर पडत होता, आणि प्रत्येक खंड आपल्या विषयापुरता पुरा होता. पहिल्या खंडानंतर काणे थांबले असते, तरी तो खंड अभ्यासकांच्या उपयोगी पडलाच असता. तुमच्या सात हजार नोंदींपैकी आज एकही तुमच्या घराबाहेर कुणाच्या उपयोगाची नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा फरक माणूस आणि संस्था यांचा. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम १९४८ साली सुरू झालं. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड १९७६ साली आला आणि काम अजून चालू आहे. ते तसंच चालायला हवं, कारण तिथे एक पिढी निवृत्त होते आणि दुसरी त्याच चिठ्ठ्यांच्या कपाटांसमोर बसते. तुमच्या मागे अशी रांग नाही. जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८७९ साली हाती घेतला तो दहा वर्षांत संपेल या अंदाजाने. पाच वर्षांनी, १८८४मध्ये, पहिला भाग निघाला तो ‘ए’पासून ‘अँट’ या शब्दापर्यंत. १९१५ साली मरे गेले आणि कोश १९२८ साली पुरा झाला. विद्यापीठ पाठीशी असताना आणि हजारो वाचक शब्द पाठवत असताना हे घडलं. एकट्या माणसाने सर्वसमावेशकतेचा हट्ट धरू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिकडे येतो. तुमच्या कामाचे दोन भाग आहेत. एक घरात टेबलावर बसून होतो, अर्थ घासायचा, क्रम लावायचा. तो पाच वर्षांनीही होईल. दुसरा माणसांकडून आणायचा असतो, आणि तो थांबत नाही. तुमच्या भागात ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं तशी तिफन आढ्याला गेली. ज्यांनी तिफन स्वतः हाकली आणि ज्या बायका तिफनीमागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालल्या, त्या पिढीतली माणसं आता म्हातारी झाली आहेत. लाकडाची तिफन घडवणारा सुतार तर एखाद्याच गावात उरला असेल. तुम्ही ‘अ’ची नोंद चौथ्यांदा सुबक करत असता, तेव्हा तो सुतार बोलायचा राहून जातो. म्हणून येते दोन वर्षं टेबलाचं काम अगदी कमी करा आणि जे नाहीसं होतंय तेच आधी गोळा करा. बैलांची अवजारं, पेरणी, खळं, मापं, बैलांची अंगलक्षणं आणि रोग, या क्रमाने. कापसाची वेचणी अजून चालू आहे, ती मागून घेतली तरी चालेल.

गोळा कसं करायचं, तेही सांगतो, कारण तुमच्या नोंदींत नामंच जास्त असतील असा माझा अंदाज आहे. बोलींच्या बहुतेक संग्रहांत तसंच असतं. वस्तू दाखवून ‘याला काय म्हणता?’ असं विचारलं की नाव मिळतं आणि संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, ‘पेरणीच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय करायचात?’ मग माणूस सांगायला लागतो आणि क्रियापदं येतात. वखरणं, डवरणं, निंदणं, टोबणं, उफणणं ही मोठी मोठी नावं तर येतातच, पण त्यांच्या आतली बारीक कामंही येतात. बैल कसा वळवायचा, तास वाकडं गेलं तर काय म्हणायचं, बी दाट पडलं तर कोण कुणाला काय ओरडायचं. हा भाग छापील पुस्तकांत जवळपास नाहीच. शक्य असेल तर दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा. एक जण सांगतो, दुसरा म्हणतो ‘असं नाही बाप्पा’, आणि त्या वादातून जे निघतं ते तुम्ही वीस प्रश्न विचारून निघत नाही. बायकांशी वेगळं बोला. पुरुष शेजारी बसले की त्या गप्प होतात, आणि निंदण, वेचणी, बियाणं राखणं यांचे शब्द त्यांच्याकडेच असतात. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा तुमच्या पत्नीला सोबत नेता आलं तर फार बरं.

फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून करा आणि सुरुवातीलाच गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव त्यांच्याच आवाजात येऊ द्या. नाव छापायचं की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

वर्णक्रम तूर्त विसरा. वर्णक्रमाने काम करणाऱ्याची पहिली अक्षरं गुळगुळीत होतात आणि ‘र’पासून पुढे घाई दिसते, हस्तलिखित उघडलं की दोन मिनिटांत हे लक्षात येतं. विषयाने काम करा. ‘पेरणी’ हा एक गठ्ठा. त्यात तिफनीचे भाग, बी, पाऊस आणि वाफसा, माणसांची कामं, मजुरी, त्या दिवशीचे विधी, सगळं. एक गठ्ठा पुरा झाला की तो पुरा. अर्थही जास्त नेमके लागतात, कारण शेजारशेजारचे शब्द एकमेकांची हद्द दाखवतात. रुमणं आणि दांडी समोरासमोर असतील तर दोघांच्या व्याख्येत गोंधळ होत नाही. एक ‘द’मध्ये आणि एक ‘र’मध्ये असेल तर हमखास होतो. वर्णक्रम शेवटी संगणक काही क्षणांत लावून देईल.

मन उडतं त्याबद्दल मला फार सांगायचं नाही. माझ्या अनुभवात, काम कुठे संपतं ते दिसत नसेल तेव्हा ते उडतं. हद्द आखली की बरंचसं जाग्यावर येतं. एवढं मात्र करा, कामाचे जड आणि हलके असे दोन वाटे ठेवा. शाळा सुरू असताना रात्री नोंदी भरणं, ध्वनिमुद्रणातलं उतरवून घेणं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावं. उन्हाळा जास्त चांगला, मृगाआधी शेतकऱ्याला बसून बोलायला सवड असते. आणि एखादं वर्ष घरच्या अडचणीत गेलं तर जाऊ द्या, त्याने कोश मरत नाही.

छापण्याविषयी तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पुस्तक अपूर्ण असणं आणि कच्चं असणं यात तो गल्लत करतोय. तीनशे शब्द राहून गेले तर ते अपूर्ण. वाचक पत्र पाठवेल, पुढच्या वेळी भर पडेल, कुणी हसणार नाही. पण आहेत त्यांतल्या तीस शब्दांचे अर्थ चुकले तर ते कच्चं, आणि ते मात्र अंगाशी येतं, कारण पुढचे लोक तुमच्यावरून उतरवून घेतात आणि चूक पक्की होते. म्हणून छापण्याआधी एक परीक्षा घ्या. पेरणीच्या गठ्ठ्यातल्या कुठल्याही पन्नास नोंदी उचला. तीन वेगळ्या तालुक्यांतल्या, प्रत्यक्ष शेती केलेल्या माणसांना वाचून दाखवा. एक नोंद त्यांनी सरळ चुकीची ठरवली तर ती दुरुस्त करा आणि पुढे चला. सहा-सात ठरवल्या तर अजून छापू नका, तो गठ्ठा पुन्हा फिरवून आणा. ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ हा आक्षेप चुकीत धरू नका, ती नवी माहिती आहे, गावाच्या नावासकट लिहून घ्या.

उत्तीर्ण झालात की शंभर-सव्वाशे पानांची एक पुस्तिका काढा, फक्त पेरणीची. कडेला समास मोठा ठेवा, वाचक त्यात लिहितात. शक्य तिथे अवजारांची रेखाचित्रं द्या. तुमच्याच शाळेतल्या चित्र काढणाऱ्या पोरांकडून काढून घ्या आणि त्यांची नावं छापा. शेवटच्या पानावर ‘राहिलेले शब्द कळवा’ म्हणून पत्ता. पहिली पुस्तिका वाचून लोक स्वतःहून शब्द घेऊन येतात. बोलीच्या कामात मी हे सतत पाहिलं आहे. एकट्याने गावोगाव फिरून जे मिळत नाही ते असं दारात येतं. मोठ्या प्रकाशकाची वाट पाहू नका आणि छापण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. प्रती कमी काढा, फाईल सर्वांना खुली ठेवा.

आणखी एक, न आवडणारी गोष्ट. हे काम तुमच्या हातून पूर्ण होणार नाही, अशीही शक्यता आहे. ते दुसऱ्याला उचलता येईल अशा अवस्थेत रोज असायला हवं. नोंदी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील तर त्या आताच युनिकोडमध्ये आणा. नाहीतर दहा वर्षांनी ती फाईल उघडेल पण अक्षरांच्या जागी खुणा दिसतील. तक्त्यात शब्द, अर्थ, वाक्य, गाव, सांगणारा, तारीख असे वेगळे रकाने करा, सगळं एका खणात कोंबू नका. आवाजाच्या फायलींना गाव आणि तारीख यांवरून नावं द्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर, एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात किंवा विश्वासू विद्यार्थ्याकडे. नियमावलीची दोन पानं प्रत्येक प्रतीत सगळ्यात वर.

गाणी आणि म्हणी वेगळ्या खोक्यात घाला, वर ‘संपादन बाकी’ असं लिहा आणि खोकं बंद करा. त्यांचं काम शब्दांपेक्षा निराळं आहे, चाल, प्रसंग, म्हणणारी बाई कुठल्या गावची, हे सगळं लागतं. शेतीच्या दोन-तीन पुस्तिका निघाल्या की ते उघडा.

या आठवड्यात नियमावलीची दोन पानं लिहा. मग पेरणीच्या गठ्ठ्यातल्या तीस नोंदी त्या नियमांत बसवून इथेच टाका, त्यात निदान दहा क्रियापदं असू द्या. मी ओळीओळीने पाहीन आणि जिथे नियम अडतोय तिथे खूण करून देईन.